गाव सोडलेल्यांनी घडविलेला गाव

मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलशारोहणाचा मंगल दिवस उजाडला आहे. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देवस्थानची आख्यायिका असते, मानकऱ्यांची परंपरा असते, जमाखर्चाचा तक्ता असतो आणि शेवटी देणगीदारांची यादी असते. ही यादी बहुतेक वाचक आपले नाव बरोबर छापले आहे की नाही, एवढे पाहण्यापुरतीच चाळतात. वास्तविक कोकणच्या इतिहासाचे सर्वांत बोलके पान तेच होय. नावांपुढचे पत्ते वाचावेत. जुन्या देवळांच्या याद्यांत लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड हे पत्ते सापडतात, तर अलीकडच्या याद्यांत डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार. देऊळ गावात आणि पैसा मुंबईचा, ही गोष्ट रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. हा पैसा गावात आला कसा, त्यातून गावाला काय लाभले आणि गावाला त्यापायी काय सोसावे लागले, याचा विचार अशा शुभप्रसंगी होणे अगत्याचे आहे.

कोकणातील माणूस हौसेने घराबाहेर पडला नाही. पाऊस उदंड, पण जमीन डोंगरउताराची, कातळाची. भाताची खाचरे थोडी आणि वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीखेरीज दुसरे काही होत नसे. बहुतेक कुळांना घरचे धान्य वर्षभर पुरत नसे. त्यातही पिकले त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जाई. खोताचे देणे चुकले की सावकार, आणि सावकार थकला की पुन्हा खोत, असा तो फेरा होता. पैसा म्हणून हातात येईल असे साधन गावात नव्हतेच. आरंभी ते साधन पलटणीने दिले. मराठा, महार, भंडारी आदी समाजांतील तरुण कंपनी सरकारच्या फौजेत भरती होत आणि पेन्शन घेऊन परत येत. दापोलीला पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती झाली होती, ती त्यामुळेच. पलटणीचा हा पगार व पेन्शन म्हणजे कोकणात बाहेरून येणाऱ्या पैशाचा पहिला झरा म्हणावा लागेल.

पुढे मुंबईत कापडगिरण्या निघाल्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ साली ताडदेव येथे ती गिरणी चालू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात सत्तरहून अधिक गिरण्या होत्या. शिवाय गोदी, रेल्वे, नगरपालिका आणि साहेबलोकांच्या व शेठसावकारांच्या घरची कामे. या सर्वांना माणसे हवी होती आणि ती समुद्रापलीकडून, पण एका रात्रीच्या अंतरावरून मिळत होती. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या दर सहा रहिवाशांपैकी सुमारे एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. (त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी संस्थान वगळता, रत्नागिरीतच मोडत असे. तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) १९२१ पर्यंत हा आकडा दोन लाखांच्या वर गेला होता. प्रारंभी पुष्कळ लोक भात कापून झाले की जात आणि पावसाच्या तोंडावर लावणीसाठी परत येत. गिरणीला बारमाही माणूस हवा असल्याने हळूहळू ही ये-जा कमी झाली व माणूस मुंबईत, कुटुंब गावी, अशी रीत पडली.

जाण्याचा मार्ग समुद्राचा. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांतून पडावाने खोल पाण्यात जायचे आणि तेथून आगबोटीवर चढायचे. हातात वळकटी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, फडक्यात भाजलेल्या काजूबिया नि तांदळाचे पीठ. आगबोटीचा प्रवास गरिबाला परवडे, पण तो निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गटारीच्या सणाला घरी निघालेले मुंबईचे चाकरमानी मोठ्या संख्येने होते. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

मुंबईत उतरलेल्या नवख्या माणसाला कोण विचारणार? तेथे गावच उपयोगी पडला. गिरणीत भरती करण्याचा अधिकार जॉबरच्या हाती असे आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, ओळखीचा माणूस घेई. म्हणून एकेका गिरणीच्या एकेका खात्यात एकाच पंचक्रोशीतील माणसे दिसत. राहण्याची सोयही गावकीचीच होती. गावाच्या नावाने चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची आणि वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त माणसांनी तीत राहायचे. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची येऊन त्याच जागेवर अंथरूण टाकीत. प्रत्येकाच्या वाट्याला एक खुंटी आणि एका ट्रंकेपुरती जागा. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे. या बायकाही बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या, पुष्कळ विधवा किंवा टाकलेल्या. त्यांच्या चुलीवर अर्धी गिरणगाव जेवली, पण त्यांचे नाव कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नाही. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे या बायकांना बँकेचे कर्ज आणि थोडी प्रतिष्ठा मिळाली.

गावकीच्या खोलीत एक वही असे. तीत दरमहाची वर्गणी, कोणाच्या मयताला दिलेली मदत, कोणाच्या आजारपणात काढलेली उचल, गावच्या उत्सवाला पाठविलेली रक्कम हे सर्व लिहिलेले असे. लिहिणारा बहुधा चौथी शिकलेला, पण हिशेब चोख. आज गावोगावची जी ग्रामस्थ मंडळे, सेवा मंडळे व विकास मंडळे दिसतात, त्यांचे मूळ या वहीत आहे. जमाखर्च सभेपुढे वाचून दाखवावा, अध्यक्षाला प्रश्न विचारावा, ठराव मांडून मत घ्यावे, ही सवय कोकणी माणसाला ग्रामपंचायती येण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत लागली. देवळाच्या हिशेबाची तपासणी होऊन तो छापला जातो, त्याचे श्रेयही तिकडे द्यावे लागेल.

टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणच्या घराघराशी गिरणीचा पगार जोडला गेला. त्यापूर्वी पैसे गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवावे लागत व ते कधी पोहोचत, कधी वाटेत खर्च होत. मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. तेवढ्यात सर्व सांगायचे : भात किती झाले, म्हशीला कोणाच्या गोठ्यात बांधावे, थोरल्याचे नाव शाळेत घातले की नाही. पोस्टमन पैसे मोजून देई, कुपन वाचून दाखवी आणि बाईचा अंगठा घेई. नवऱ्याचा निरोप तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकावा लागल्यामुळे त्यात प्रेमाचा शब्द कधी नसायचाच. टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद केली.

या पैशाचे झाले काय? प्रथम तो खोताच्या व सावकाराच्या देण्यात गेला. नंतर दुकानदाराच्या उधारीत, कारण घरचा तांदूळ संपल्यावर विकत घ्यावाच लागे. त्यातून उरले तर घरावरचे गवत काढून कौले चढली, मातीच्या भिंतीच्या जागी जांभा चिरा आला, मुलीचे लग्न झाले. गावात कोणाचा माणूस मुंबईला कायम झाला हे घराच्या छपरावरून सांगता येई. शाळाही उभ्या राहिल्या. मुंबईत काम करताना अक्षरओळख नसल्याचे हाल भोगलेल्या माणसाला शाळेचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागले नाही. गावोगावी मुंबईकरांच्या वर्गणीतून शाळेच्या इमारती, विहिरी, पाखाड्या, साकव झाले आणि सरकारी मदत मागाहून आली. मास्तर मंजूर होण्यासाठी मंडळाचे कार्यकर्ते कामावर खाडा करून अर्ज घेऊन फिरत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुंबईने गावाला पोसले असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. गावानेही मुंबईला पोसले. गिरणीने माणूस घेतला तो अठरा-वीस वर्षांचा, वाढलेला, कामाला तयार. त्याला लहानाचा मोठा केला गावाने. तो आजारी पडला की गावी, कामावरून काढला की गावी, हातपाय थकले की गावी. गिरणीने एकट्या माणसापुरती मजुरी दिली, कारण त्याची बायकापोरे गावच्या भातावर निम्मी जगत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून आपापल्या गावी गेली व गिरण्यांना माणसे मिळेनात. १९२८ साली दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले. एवढे दिवस पगाराविना माणूस टिकला कसा, याचे उत्तर युनियनच्या दप्तरात जेवढे आहे तेवढेच ते गावच्या कणगीत आहे. संप लांबला की माणसे बोट धरून गावी येत, शेतीच्या कामाला लागत, आणि मिटल्याची बातमी आली की परत जात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गावच्या बाईला मात्र ती अद्याप मिळालेली नाही.

कारण ही सर्व घडी चालली ती तिच्या जिवावर. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या नेहमीच अधिक राहिली आहे. २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. देशात अन्यत्र मुलींची संख्या घटते म्हणून चिंता व्यक्त होते, तेव्हा या आकड्याचे काही लोक कौतुक करतात. ते कौतुक समजून करावे. येथे स्त्रिया जास्त जन्मल्या असा त्याचा अर्थ नाही, येथून पुरुष गेले असा आहे. राब भाजणे, इरले घेऊन पावसात लावणी, कापणी, झोडणी, गवत, लाकूडफाटा, लांबच्या विहिरीचे पाणी, सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे, हे सर्व एकट्या बाईने केले. नांगराला मात्र पुरुष लागे. तो घरात नसल्याने शेजाऱ्याचे औत आणायचे आणि त्याच्या बदल्यात त्याच्या शेतात दोन-चार दिवस लावणीला जायचे. नवरा वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. पोरांना बाप पाहुण्यासारखा. गावी पैसे येत तिच्या नावाने, पण जमीन सातबाऱ्यावर त्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने. देवळाच्या पायासाठी चिरे वाहिले बायकांनी, डोक्यावरून पाणी आणले बायकांनी, श्रमदानाच्या प्रत्येक दिवशी चहा-भाकरी केली बायकांनी, आणि पावतीपुस्तकात नाव लागले ते पुरुषाचे. कोणत्याही गावची कोणतीही जुनी स्मरणिका उघडून खात्री करून घ्यावी.

मनीऑर्डरीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट चाकरमान्याने गावात आणली, ती म्हणजे ताठ मान. गावात माणसाची पायरी जन्माने ठरे. पालखीला खांदा कोणी द्यायचा, नारळ प्रथम कोणाला, देवळात कोठवर यायचे, हे सर्व ठरलेले. मुंबईत जातिभेद नव्हता असे मुळीच नव्हे. साचेखात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून त्या अधिक पगाराच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत व हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उपस्थित केला. तरीही खोताची वेठ तेथे नव्हती, पगार हातात पडे आणि त्याचा हिशेब करता येई. बाबासाहेबांचे घराणेही मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. वडील सुभेदार रामजी पलटणीच्या नोकरीनंतर काही काळ दापोलीस, पुढे साताऱ्यास व तेथून मुंबईस आले आणि कुटुंब परळच्या चाळीत राहिले. गाव सोडला नसता तर ते शिक्षण झाले नसते, हे उघड आहे.

खोतीविरुद्धच्या लढ्यातही मुंबईच्या पैशाचा व मुंबईत शिकलेल्या संघटनेचा मोठा भाग होता. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमिनी न कसण्याचा संप केला, तो सहा वर्षे चालला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने संपली. ज्या कुळाची चूल खोताच्या मर्जीवर पेटत होती, त्याला असा लढा झेपला नसता. घरात मनीऑर्डर येऊ लागल्यावर खोतापुढे ‘नाही’ म्हणणे शक्य झाले.

देवळाच्या संदर्भात तर भागोजीशेठ कीर यांचे स्मरण केलेच पाहिजे. रत्नागिरीच्या गरीब भंडारी कुटुंबातील हा मुलगा पोटासाठी मुंबईस गेला, अंगमेहनतीची कामे करीत बांधकामाच्या धंद्यात शिरला व मोठा कंत्राटदार झाला. मुंबईत दादरची स्मशानभूमी त्यांच्या दातृत्वाने झाली. त्यांनीच रत्नागिरीस पतितपावन मंदिर बांधून दिले. स्वातंत्र्यवीर सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते व त्यांच्या प्रेरणेने १९३१ साली हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. मजूर म्हणून गाव सोडलेल्या माणसाने परत येऊन असे देऊळ बांधले की ज्याच्या गाभाऱ्यात जाताना कोणाला जात विचारायची नाही. जीर्णोद्धार म्हणजे केवळ कौले काढून स्लॅब टाकणे असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. पुष्कळ गावी मानपानाचे वाद आजही कोर्टात व पोलीस ठाण्यात जातात, शिमग्याला पालखी दोन-दोन वर्षे बाहेर निघत नाही, हेही वाचकांना ठाऊक आहे.

आता उणी बाजू. मुंबईच्या पैशाने घरे झाली, शाळा झाल्या, देवळे झाली, पण शेत सुधारले नाही. त्याची कारणे तालुक्याच्या दप्तरात लिहिलेलीच आहेत. कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा मालक झाला. कायदा न्यायाचा होता व त्याने हजारो घरांना जमीन मिळाली. मात्र त्यानंतर मुंबईच्या माणसाच्या मनात धास्ती बसली. शेजाऱ्याला जमीन कसायला दिली तर उद्या तो कूळ म्हणून नाव लावील, त्यापेक्षा पड राहिलेली बरी. त्यातच वारसनोंदी. आजोबांच्या नावाची वीस गुंठे जमीन, त्यावर आज तीसचाळीस नावे. त्यांतले काही विरारला, काही बदलापूरला, एखादा परदेशी, दोघे मयत आणि त्यांचे वारस लागायचे राहिलेले. सामाईक खात्यात पोटहिस्से पडलेले नाहीत. विकायचे म्हटले तर सर्वांच्या सह्या हव्यात आणि बांध घालायचा म्हटले तर खर्च कोणी करायचा? बँक अशा उताऱ्यावर कर्ज देत नाही. शेवटी रान वाढते आणि त्यात रानडुकरे व माकडे. गावच्या देवळासाठी लाखो रुपये उभे करणारी भावकी एका बांधासाठी एकत्र येत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. देणगीला पावती मिळते, दगडावर नाव कोरले जाते. बांधावर कोण नाव कोरणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पूर्वीप्रमाणे माणसे गावी आली. पूर्वीप्रमाणे मिटेल असे सर्वांना वाटले. दिवाळी गेली, दुसरा पावसाळा आला, संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. कोकणच्या गावांनी त्या वर्षांत जे पाहिले ते फार वाईट होते. बायकांच्या अंगावरचे डोरले सोडून सर्व सोने मोडले गेले, मुलांच्या शाळा सुटल्या, लग्ने मोडली. पूर्वी संपात गाव टेकू देत असे. पण या वेळी गावातही आधीचे काही उरले नव्हते. घरे वाढली होती, खाणारी तोंडे वाढली होती आणि शेत मात्र ते आजोबांचेच. पुष्कळ गिरण्या पुढे बंद पडल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती झाल्या. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली. तोवर कित्येक अर्जदार दिवंगत झाले होते व अर्ज त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी चालविले होते.

त्या पिढीच्या मुलांनी रिक्षा चालविल्या, सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या केल्या, कुरिअरची पाकिटे पोहोचविली, काहींनी शिकून बँकांत व कार्यालयांत जागा मिळविल्या. किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्त्यांतून पूर्वी खलाशी म्हणून जहाजांवर जात, ती माणसे १९७० नंतर आखाती देशांत गेली व दापोली, खेड, मंडणगड भागांत त्यांची मोठमोठी घरे उभी राहिली. तिकडचा पैसाही मशिदीला, मदरशाला आणि घराला लागला. शेताची तऱ्हा तीच.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. रेल्वे आली की कोकणात कारखाने येतील व तरुण परत येतील, अशी त्या वेळी फार मोठी आशा होती. रेल्वेने गणपतीला येणे सोपे झाले हे नाकारता येत नाही, जादा गाड्यांचे आरक्षण काही मिनिटांत संपते. परंतु जाणेही तितकेच सोपे झाले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली असता रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. गिरणीचा माणूस कुटुंब गावी ठेवून जात असे, आताचा माणूस कुटुंब घेऊन जातो, हा त्यातला फरक. पूर्वी घरात म्हातारी, सून आणि पोरे असत. आता म्हातारी एकटी, किंवा दाराला कुलूप. शिमग्यात पालखी घरी येते त्या दिवसापुरते ते उघडते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा चाकरमानी पुन्हा गावाकडे निघाले. १८९६ सालीही असेच घडले होते. पास मिळविण्यासाठी रांगा, जिल्ह्याच्या हद्दीवर अडवणूक, काही जण चालत. गावोगावी शाळांतून विलगीकरणाची सोय करावी लागली. कोठे गावाने येणाऱ्यांना जेवणाचे डबे पोहोचविले, कोठे वाडीच्या तोंडाशी बांबू आडवे घालून आपल्याच माणसांना थांबविले. ज्यांच्या वर्गणीतून शाळेची इमारत झाली होती, त्यांनाच त्या शाळेत चौदा दिवस बसवून ठेवल्याबद्दल काहींना राग आला व ते बोलून दाखविले गेले. गावात राहिलेल्या वृद्धांच्या जिवाची भीती खरी होती आणि आलेल्यांचा हक्कही खरा होता. त्या उन्हाळ्यात कित्येक वर्षे पड असलेली खाचरे काही घरांनी साफ केली व भात लावला. दुसऱ्या वर्षी त्यांतली थोडीच लावली गेली.

दरम्यान १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागल्यावर आंबा-काजूच्या बागा वाढल्या होत्या. बागा आल्या, पण बागेत काम करणारे हात गावात उरले नव्हते. ते नेपाळातून आले. आज रत्नागिरी, राजापूर, देवगड भागांत आंब्याच्या मोसमात बागेची राखण, फवारणीला मदत, आंबे उतरविणे ही कामे नेपाळी माणसे करतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मच्छीमार नौकांवरही नेपाळी खलाशी आहेत. बागेतील खोपीत ते दाटीवाटीने राहतात, एकाच गावची माणसे एकाच्या ओळखीने येतात, मोसम संपला की परत जातात आणि महिन्याला पैसे घरी पाठवितात. त्यांच्या डोंगरातल्या गावी शेती बायका व म्हातारी माणसे पाहतात. काही जण आता बायकामुलांसह बारमाही राहू लागले आहेत. मुलांची संख्या घटल्यामुळे बंद होण्याच्या बेतात असलेल्या जिल्हा परिषदेच्या काही शाळांच्या पटावर या मुलांची नावे आहेत, आणि ती मराठी पहिलीचे पुस्तक वाचतात.